वडिलांची फटफटी आणि कुंभार्लीचा घाट

पुण्याहून चिपळूणला जायचे झाले, तर शहाणा माणूस स्वारगेटला जाऊन एस.टी.त बसतो. त्याहून शहाणा माणूस मोटार असलेल्या मेहुण्याला फोन करतो. मला मेहुणा आहे आणि त्याच्याकडे मोटारही आहे. तरीसुद्धा २०२४ च्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी वडिलांच्या जुन्या फटफटीला किक मारली आणि धाकट्या मुलीला मागे बसवून निघालो. सौभाग्यवतींनी दारातून एवढेच सांगितले की, पोचल्यावर फोन करा, आणि नाही पोचलात तर आधी करा.

या प्रवासाला कारण होते. वडील गेले ते २०२१ च्या एप्रिलात. त्या दिवसांत कोणी कोणाच्या दाराशी जाऊ शकत नव्हते. चिपळूणच्या काकांना भावाचे शेवटचे दर्शनही झाले नाही. पुढे जुलैत वाशिष्ठीने त्यांच्या घरात पाणी घातले, नंतर त्यांचे गुडघे गेले, आणि पुण्याला येणे राहिले ते राहिलेच. आमच्याकडून जाणेही ‘या महिन्यात नक्की’ करता करता तीन वर्षे लांबले. मध्यंतरी फोनवर मी सहज बोलून गेलो, “काका, बाबांची फटफटी विकतोय. गिऱ्हाईक आलंय, विसारही दिलाय त्यानं.” पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग काका म्हणाले, “विक. पण त्याआधी एकदा माझ्या दाराशी आणून उभी कर.”

गाडी १९९१ सालची, शंभर सीसीची. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीमात्र दोष नव्हता. दरवर्षी गणपतीला वडील याच गाडीवरून गावी जात, आणि ‘माझी गाडी वाटेत कधी थांबली नाही’ हे वाक्य आम्ही आरतीच्या बरोबरीने ऐकत आलो. गिऱ्हाईक रविवारी संध्याकाळी गाडी न्यायला येणार होते. म्हणजे शनिवारी जायचे, काकांना दाखवायची, रविवारी परत, असा बेत.

साताऱ्यापर्यंत गाडी सुतासारखी सरळ आली. खंबाटकीचा घाट झाला, साताऱ्याला जेवण झाले, काकूंसाठी कंदी पेढे घेतले. उंब्रजला हमरस्ता सोडायच्या आधी मी टाकी काठोकाठ भरून घेतली. पुढे घाट आहे, आपल्याकडून कसूर नको! टाकीवरून पेट्रोलचे दोन ओघळ आले ते पुसले आणि झाकण चांगले जोर लावून आवळले. हे झाकण लक्षात ठेवावे, अशी वाचकांना विनंती आहे. मी ठेवले नाही.

उंब्रज सोडून पाटणच्या रस्त्याला लागले, की घाटावरचा कोरडेपणा मागे पडू लागतो. डाव्या-उजव्या हाताला डोंगर जवळ सरकतात, ऊस कमी होतो, भात दिसू लागतो. धाकटी मागून एकेक दाखवत होती. इतक्यात गाडीने आचका दिला. मूठ पिळली तरी ओढ नाही. दुसरा आचका, तिसरा, आणि एखाद्या म्हाताऱ्याने बोलता बोलता डोळे मिटावे तशी ती रस्त्याच्या कडेला शांत झाली.

पेट्रोल आताच भरले होते. तरी माणसाचा हात सवयीने झाकणाकडे जातो. उघडून पाहिले, टाकी भरलेली. झाकण लावले, किक मारली, गाडी सुरू! “बघितलंस? जुन्या गाडीला विश्रांती लागते,” मी म्हणालो.

धाकटीने पर्समधून छोटी वही काढली. ती वाणिज्य शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे, आणि प्रवासात पै न् पैचा हिशेब लिहिण्याची तिला खोड आहे. चहाच्या खर्चाखाली तिने लिहिले : ‘२ वाजून ३५. उंब्रजपासून ९ किलोमीटर. बंद. लगेच सुरू.’

सहा किलोमीटरांवर पुन्हा तोच आचका. या वेळी नशिबाने समोर गॅरेज होते. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, लटकवलेले टायर आणि विशीतला एक पोरगा. त्याने आधी टाकीचे झाकण उघडून आत डोकावले, मग प्लग काढला. “काय नाय, सायेब. पलगाला कार्बन धरलाय.” पॉलिश पेपरने प्लग घासला, पत्र्याच्या तुकड्याने फट जुळवली, बसवला. किक मारताच गाडी सुरू. पन्नास रुपये झाले. मला आनंद वाटला. आजार लहान निघाला की डॉक्टर मोठा वाटतो.

आता मागे वळून बघताना कळते की तो प्लगच सगळे सांगत होता. तो कोरडा ठणठणीत होता. इंजिनाला पेट्रोल जास्त झाले तर प्लग ओला निघतो आणि वास मारतो. नुसता कार्बन साचला तर तो काळाकुट्ट निघतो. हा कोरडा, म्हणजे इंजिन उपाशी होते. पण पेशंट उठून चालू लागल्यावर नाडी कोण बघतो?

पाटण दिसू लागले आणि तिसऱ्यांदा गाडी थांबली. उरलेले अंतर ढकलत गेलो. पाटणच्या मेस्त्रीने मात्र धसमुसळेपणा केला नाही. पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला गृहस्थ. त्याने पहिला प्रश्न विचारला, “बंद पडताना कशी पडली? झटक्यात का आचके देत?”

हा प्रश्न लाख मोलाचा. मोटारसायकलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. ठिणगी गेली तर गाडी दिव्याचे बटण बंद करावे तशी एकदम मरते. पेट्रोल आटले तर ती आधी ओढ सोडते, आचके देते आणि मग मरते. काही गाड्यांत ठिणगीची कॉइल तापली की रुसते आणि निवली की शहाण्यासारखी चालू लागते. वरकरणी लक्षणे आमच्यासारखीच, पण तिथे आचके कमी आणि मरण झटपट. मी म्हणालो, “आचके देत.” मेस्त्री म्हणाला, “मग पेट्रोलच. चोक ओढून बघितला का?” मी बघितला नव्हता. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाते. मरता मरता चोक ओढून गाडीने चार पावले जास्त टाकली, तर ती पेट्रोलासाठीच तडफडत होती असे समजावे. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. अर्थात, मीही कधी विचारले नव्हते.

मग त्याने पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर उतरवला आणि माझ्यासमोर वर्तमानपत्रावर मांडला. कार्बोरेटरच्या तळाशी एक वाटी असते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू असतो ना, पाणी भरले की वर येऊन नळ बंद करणारा? तशीच व्यवस्था इथे असते. वाटीत पेट्रोल भरले की तरंगता फ्लोट वर येतो आणि सुई भोक बंद करते. पेट्रोल खर्च झाले की फ्लोट खाली येतो, सुई सुटते आणि टाकीतून पुन्हा धार लागते. ढकलणारा पंप नाही की काही नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते. एप्रिल २०२० पासून नव्या नियमांमुळे पेट्रोल पिचकारीने सोडणारी यंत्रे नव्या गाड्यांत आली आणि ही वाटी मागे पडली. पण जुन्या गाड्यांतून ती अजून नांदते आहे.

मेस्त्रीने जेट काढले. ही पितळेची, केसाएवढ्या भोकाची स्क्रूसारखी वस्तू. डोळ्याशी धरून उजेडात बघितले, फुंकर मारली, पेट्रोलने धुतले. थोडी माती निघाली. मग त्याने टाकीचे झाकण उघडून आतला गाळ बघितला आणि नळी मोकळी धरून कॉक सोडला. पेट्रोलची करंगळीएवढी धार! “टाकीतनं येतंय झकास. कचरा कार्बोरेटरातच हुता.” सगळे जागच्या जागी बसवून गाडी सुरू करून दिली. तासभर गेला आणि दोनशे रुपये. निघताना त्याने रस्त्यापर्यंत येऊन इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान हलवली. त्या माणसावर मी आजही नाराज नाही. झाकण उघडे असताना धार उत्तमच येणार होती.

पाटणपासून रस्ता कोयनेच्या सोबतीने जातो. ही नदी मोठी गमतीची. महाबळेश्वराला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे धावते आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. भिंतीच्या कडेकडेने चाललेल्या मुलाने दार सापडताच आत वळावे तशी. दिवाळीच्या आधीचे दिवस, पाऊस सरत आलेला, उतारांवर सोनकीची पिवळी फुले, भाते पिवळसर झालेली. गाडी नीट चालली असती तर हा सगळा मुलूख एका तासात मागे टाकला असता आणि आम्ही काहीही पाहिले नसते.

तेरा किलोमीटर चालली. मग आचका!

या वेळी मी काही न बोलता उतरलो. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. झाकण उघडले तर टाकीत पाणी जाईल म्हणून ते उघडले नाही. किक मारत राहिलो. दहा, वीस, तीस. गाडी ढिम्म. शेवटी बसथांब्याच्या आडोशाला जाऊन बसलो. तिथे टोपी घातलेले एक गृहस्थ आधीच बसले होते. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि भूकंपाची गोष्ट काढली.

११ डिसेंबर १९६७. पहाटे माणसे साखरझोपेत असताना कोयनेची धरणी हादरली. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगरची घरे उभी राहिली नाहीत. “मी चौथीत हुतो,” ते म्हणाले. “बाहेर आलो तर घर न्हाई. आई म्हनली, हालू नगं. आन् भुई तर हालतीया.” एवढ्या धक्क्यातही धरण उभे राहिले. भिंतीला भेगा गेल्या, पुढे तिला खालच्या अंगाने आधार देऊन बळकटी आणली. १०३ मीटर उंचीची ती भिंत आणि तिच्यामागे पसरलेला शिवसागर आजही आहेत. भूकंप धरणातल्या पाण्याच्या भारामुळे झाला की काय, हा प्रश्न त्या वर्षीपासून जगभरचे भूशास्त्रज्ञ अभ्यासत आले आहेत, आणि धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपाचे उदाहरण म्हणून कोयनेचेच नाव प्रथम घेतात. गृहस्थ मात्र शास्त्रज्ञांवर फारसे बोलले नाहीत. त्यांची एस.टी. आली. चढताना म्हणाले, “थांबा जरा. व्हतीया सुरू.”

आणि खरेच झाली. पण बावीस मिनिटांनी. धाकटीने लिहिले, ‘५ वाजून २०. बंद. २२ मिनिटे.’

पुढे पाचच किलोमीटर गेली. कोयनानगर आले होते, पाऊस थांबला होता. मी रागाने झाकण उघडून पुन्हा आत पाहिले (काय दिसणार होते?) आणि लावले. पहिल्या किकला सुरू! मला वाटले, वळणावर उजवा पाय टेकून गाडी आडवी केली त्याचा हा गुण. इथपर्यंत माझी मजल गेली होती. गाडी रुसू लागली की शिकलेला माणूससुद्धा अंगारेधुपारे करू लागतो.

साडेसहा होत आले होते. ढग उतरले होते, आणि घाटमाथ्याच्या अलीकडे रस्त्यावर धुके आले. मी दिवा लावला. आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या या लहान गाड्यांचा पुढचा दिवा बॅटरीवर जळत नाही. इंजिन फिरते त्याच्या विजेवर जळतो. इंजिन चालले तर दिवा, थांबले तर अंधार.

वळणावर आचका आला. दिवा मंद झाला, पुन्हा उजळला, पुन्हा मंद झाला आणि विझला. मागचा तांबडा दिवाही त्याच्याबरोबर गेला. डाव्या हाताला दरी होती की शेत, काही कळेना. मागून ट्रकच्या इंजिनाचा घरघराट वर चढत येत होता.

“उतर!” मी ओरडलो. धाकटी उडी मारून उतरली आणि, देवाची शपथ, माझ्याआधी तिला सुचले. मोबाइलचा दिवा लावून हात उंच धरून ती मागे धावली. “बाजूला हो, बाजूला हो!” मी गाडी कडेला रेटत ओरडत होतो, ती ट्रककडे हात हलवत होती. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, दिवे आमच्या अंगावरून फिरले, आणि एक हातभर अंतर ठेवून तो अगडबंब पुढे गेला. नंतर बराच वेळ दोघेही बोललो नाही. माझे हात थरथरत होते. मला पहिल्यांदा खरेच वाटले, की काकांच्या दारात गाडी उभी करण्याच्या हट्टापायी मी पोरीला कुठे आणले?

शंभर पावलांवर उजेड दिसत होता. गाडी ढकलत तिथवर नेली. घाटमाथ्यावरची चहाभज्यांची टपरी. मावशी एकट्याच होत्या. आमचे चेहरे बघून त्यांनी काही न विचारता चहा टाकला. फोनला रेंज नव्हती. तिकडे काका दारात खुर्ची टाकून बसले असणार, हे मला न सांगता माहीत होते.

“बाबा,” धाकटी वही उघडून म्हणाली, “एक विचारू? रागावू नका. आपली गाडी कशामुळे सुरू होते?”

“म्हणजे काय? प्लग साफ केला, कार्बोरेटर साफ केला...”

“ते एकेकदा. पण प्रत्येक वेळी काय केलं? पहिल्यांदा तुम्ही झाकण उघडलंत. त्या गॅरेजवाल्यानंही उघडलं. पाटणच्या काकांनीही. कोयनानगरला तुम्ही पुन्हा. चारही वेळा लगेच सुरू. पावसात उघडलं नाही, तेव्हा बावीस मिनिटं लागली आणि पुढे पाचच किलोमीटर गेली. इतकं कमी कधीच गेली नव्हती.”

मी वही हातात घेतली. हिशेब चोख होता. पण झाकणाचा आणि इंजिनाचा संबंध काय? झाकण उघडल्याने पेट्रोल वाढत नाही.

तेवढ्यात मावशींनी तेलाचा नवा डबा पुढे ओढला. मोठा खिळा आणि बत्ता घेतला. डब्याच्या एका कोपऱ्यात ठोकून भोक पाडले. मग डबा फिरवून समोरच्या कोपऱ्यात दुसरे. पातेल्यात तेलाची सरळ, अखंड धार लागली. धाकटी बघतच राहिली.

“मावशी, दोन भोकं कशाला?”

“आता गं बया! एका भोकानं त्याल येतंय व्हय? गुटूक गुटूक करून बंद पडतंय. वारं आत जायाला नगं?”

धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. आणि मला आमच्या स्वयंपाकघरातली कात्री आठवली.

त्याचे असे झाले होते. पावसाळ्यात टाकीत पाणी जाते म्हणून मी आदल्या रात्री, मोठ्या कारागिरीच्या आविर्भावात, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून झाकणाच्या आत नवा वायसर बसवला होता. मूळचा वायसर बांगडीसारखा असतो, मधे मोकळा. मी कापला तो पापडासारखा, सबंध गोल. झाकणाला मधोमध टाचणीएवढे भोक असते, ते त्या पापडाखाली गेले.

ते भोक म्हणजे टाकीचे नाक. पेट्रोल खाली उतरले की तेवढीच हवा वरून आत आली पाहिजे. लिटरला ६० किलोमीटर धरले तर गाडी किलोमीटरमागे तीन चहाचे चमचे पेट्रोल पिते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर हवा जेमतेम वाटीभर. हवा आत येईना, पेट्रोल मात्र उतरते, म्हणजे वरची हवा विरळ होत जाते आणि पेट्रोलला वरच ओढून धरते. पेट्रोल खाली येते ते केवळ आपल्या वजनावर. ती वीतभर उंचीची ताकद, तिला अडवायला कितीशी ओढ लागणार? कार्बोरेटरच्या वाटीत उरले असेल तेवढ्यावर गाडी आणखी थोडी धावते आणि मग आचके. थांबून राहिले तर कुठल्यातरी फटीतून हळूहळू हवा शिरते. त्याला बावीस मिनिटे लागतात. झाकण उघडले तर एका क्षणात. पुणे ते उंब्रज काही झाले नाही, कारण तेव्हा टाकी अर्धीमुर्धी होती आणि झाकण मी सैल लावले होते. उंब्रजला टाकी भरली, झाकण आवळले, आणि पेट्रोल लागून ट्यूबचे रबर फुगले. पेट्रोलची शंका नको म्हणून टाकी भरली आणि तिथूनच दुखणे सुरू झाले! धुक्याने टाकी गार पडली, आतली वाफ आकसली, तेव्हा तर विचारूच नका.

झाकण काढले. काढताना ‘फस्स’ असा बारीक आवाज आला. सकाळपासून तो येतच असणार. ऐकायला कोणी कान दिला नव्हता. मावशींचा खिळा मागून घेतला आणि रबराला मधोमध भोक पाडले. धाकटी म्हणाली, “आणखी मोठं करा.” मी कात्री मागितली आणि पापडाची बांगडी केली.

मावशींनी चहाचे पैसे घेतले, भज्यांचे घेतले, सल्ल्याचे घेतले नाहीत. त्यांना आपण सल्ला दिला हे पटेचना.

कुंभार्लीचा घाट आम्ही अंधारात उतरलो. प्रत्येक वळणाला माझा जीव त्या दिव्यात होता. तो एकदाही मंद झाला नाही. याच डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी कोयनेचे पाणी पश्चिमेला आणले आहे. पूर्वेकडे कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जाणारे ते पाणी इथे पोफळीच्या वीजघरात कोसळते, विजेची चाके फिरवते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. पायथ्याशी पोफळीचे दिवे दिसले तेव्हा धाकटीने माझ्या खांद्यावरचा हात पहिल्यांदा सैल सोडला. रेंज आली आणि तिचा फोन खणखणू लागला. आईचे अकरा फोन, काकांचे चौदा.

काका दारातच होते. खुर्ची टाकून, मांडीवर बॅटरी घेऊन. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या वर २२ जुलै २०२१ च्या पुराची तपकिरी रेघ अजून दिसत होती. रंग दिला तरी ती वर येते, असे काकू म्हणाल्या. काका उठले. आमच्याकडे न बघता गाडीजवळ गेले, टाकीवर हात ठेवला. तो बराच वेळ तिथेच होता.

“गरम आहे,” ते म्हणाले. मग, “चालू कर.”

मी किक मारली. बोळात आवाज घुमला. काका मान कलती करून ऐकत राहिले. मग माझ्या हातातून किल्ली घेऊन त्यांनी ती बॅटरीच्या उजेडात धरली.

“हिची सेफ्टीपिन कुठाय?”

मला आठवले. वडिलांच्या किल्लीच्या कडीत एक सेफ्टीपिन अडकवलेली असे. वडील गेल्यावर मी किल्ली वापरू लागलो, तशी ती खिशात टोचते म्हणून काढून टाकली होती.

“चौऱ्याण्णव साली,” काका म्हणाले, “मी मागे बसलो होतो. याच घाटात, गणपतीच्या आदल्या दिवशी, दोन तास बंद. झाकणाचं भोक मातीनं बुजलेलं. तेव्हापासून भाऊ पिन ठेवायचा. निघताना एकदा भोकात फिरवायची आणि मग किक.”

“पण बाबा तर म्हणायचे, गाडी वाटेत कधी थांबली नाही!”

“तुम्हांला म्हणायचा.”

धाकटी हसली. काकाही हसले, आणि हसता हसता खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसू लागले. काही वेळाने त्यांनी विचारले, “कितीला ठरवलीस?”

मी आकडा सांगण्याआधीच धाकटी म्हणाली, “ठरली नाहीये अजून. विसार परत करायचाय.” हे मला तिथेच कळले. मी काही बोललो नाही. विसार दोन हजारांचा होता, आणि ते पाकीट तिच्याच पर्समध्ये होते.

काकू आतून पाण्याचे तांबे घेऊन आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. तांबे खाली ठेवून त्यांनी हातातल्या बांगडीला लावलेली एक सेफ्टीपिन काढली, किल्लीच्या कडीत अडकवली आणि किल्ली धाकटीच्या हातात देत म्हणाल्या, “पाय धुवून घ्या आधी. भात निवतोय.”